हातात बसणारा फोन

"दोन्ही हातांनी धर ना वं! दोन हात कशाले दिले देवानं?"

हे ओरडणारा मी. कामठीला माझ्या साळीच्या, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या अंगणात, तिच्या नातवाच्या बारशाला जमलेल्या निम्म्या कामठीसमोर. बाळाला छातीशी धरून मी फोटोसाठी उभा होतो, पोट आत ओढून, श्वास रोखून. समोर माझी बायको एका हातात तो दाराच्या फळीएवढा फोन तोलत अंगठ्यानं बटण गाठायचा प्रयत्न करत होती. तिचा डावा हात पदराखाली होता. तो मला दिसला. मला वाटलं, नखरा. मी आणखी एकदा ओरडलो आणि फोन तिच्या हातून सुटला. शेजारी लांब रोटीसाठी भिजवलेल्या सैल कणकेची परात होती. फोन तीत उताणा पडला आणि म्हशीनं डबक्यात बसावं तसा सावकाश खाली गेला.

"फोन नाही धरता येत," मी म्हणालो, "लांब रोटी काय धरशील आता?"

लोक हसले. सगळे हसले असं मला तेव्हा वाटलं.

लांब रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणिक इतकी सैल असते की तिला लाटणं लागत नाही. गोळा या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. एका हाताचं हे काम नाही. माझी बायको ती करायला बसली की बाया आपापली कामं सोडून बघत उभ्या राहायच्या. तिची रोटी इतकी लांब की एक टोक कामठीत मडक्यावर पडायचं तेव्हा दुसरं टोक नागपुरात आमच्या ताटात असायचं, असं मी सांगत असे. पण त्या दिवशी चुलीजवळ साळी बसली होती. काहून, हे मी विचारलं नाही. "आमच्या बाई आता साहेबीण झाल्या," एवढा विनोद मात्र करून घेतला.

माझ्या गोष्टींवर कोणी पूर्ण विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. पण ही गोष्ट तिच्या डाव्या हाताची आहे. त्या हातातली ताकद जात होती आणि एकाच घरात राहून, एकाच ताटलीतले पोहे खाऊन, मला ती जाताना दिसली नाही. यात मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायला जागाच नाही.

सुरुवात झाली माझ्या कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर. मी आवक-जावक सांभाळतो. दिवसभर लोकांचे कागद येतात आणि जातात, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ मिळतो. एका दुपारी विषय निघाला, फोन मोठा चांगला की छोटा. आमच्या लेखा शाखेतल्या एका गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून आपला विड्याच्या पानाएवढा फोन काढून दाखवला. म्हणाले, "मले हाच पुरते. खिशात बसते, वाकलो तर पडत नाही."

झालं. मी जो सुटलो तो संध्याकाळच्या हजेरीपर्यंत थांबलो नाही. जगात माणसांच्या दोनच जाती, एक मोठ्या पडद्याची आणि एक छोट्या पडद्याची. छोट्या फोनवाला माणूस बघा, तो मान वाकवून जगतो, डोळे बारीक करून जगतो, शेवटी त्याचं मनही बारीक होतं. मोठ्या फोनवाला छाती पुढे काढून चालतो, कारण त्याच्या छातीवर फोन असतो. मग मी मतदान घेतलं. मतमोजणीही मीच केली. माझं स्वतःचं मत मी तीनदा मोजलं, टपरीवाल्याचं त्याला न विचारता धरलं, आणि मोठ्या पडद्याचा दणदणीत विजय जाहीर केला. लेखा शाखेवाल्यांनी चहा संपवला, फोन खिशात टाकला आणि वाकून बुटाची नाडी बांधली. फोन पडला नाही.

विजय झाल्यावर मिरवणूक काढावी लागते. मी एकासारखे एक दोन फोन घेतले, एक मला आणि एक बायकोला. पडदा असा की उन्हाळ्यात खिडकीला टेकवून ठेवला तर कूलर लावायची गरज नाही. क्रिकेट लावलं की गोलंदाजाचा घाम आमच्या गादीवर उडायचा. बायकोला सोबत घेऊनच मी बर्डीच्या बाजारातल्या फोनच्या दुकानात गेलो होतो, कारण तिचा जुना फोन बदल्यात द्यायचा होता. तो होता तळहाताएवढा, कडा झिजलेला, मागे तिनं आमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतला छोटा गणपती चिकटवलेला.

दुकानात ती एकच वाक्य बोलली. जुना फोन उजव्या मुठीत तसाच धरून म्हणाली, "मले हाच बरा आहे. हातात बसते."

आता मी विचार करतो, की तेवढं वाक्य मी ऐकलं असतं तर बाकी काही घडलंच नसतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि माझ्यासमोर चार माणसं उभी राहिली की मला राहवत नाही. मी म्हटलं, हातात तर लिंबूही बसतं, मग लिंबावर फोन लाव. काउंटरच्या पलीकडची मुलगी हसली, माझ्या मागचे दोघे हसले, एक बाई साडीचा पदर तोंडाला लावून हसली. बायकोही हसली, आणि तिनं मूठ उघडली.

त्यानंतर तो फोन पडतच राहिला. भाजीवाल्याच्या गाडीवर पडला, देवळाच्या पायरीवर पडला, आमच्या मोरीत एकदा असा पडला की मी शेजाऱ्यांना सांगितलं, नागपूरला भूकंपाचा धक्का बसला. प्रत्येक वेळी माझं नवं भाषण तयार. तिला वस्तूची कदर नाही, तिला मोठं काही झेपत नाही. ती फोन पुसायची, कानाला लावून चालू आहे ना बघायची आणि पोळ्या लाटायला जायची. पोळ्या जाड होत चालल्या होत्या. तेही मी बोलून दाखवलं होतं.

तर, बारसं. खरं म्हणजे फोटो माझ्या फोनवर काढायचा होता, पण त्याची बॅटरी सकाळपासून पाहुण्यांना पडदा दाखवण्यात संपली होती. म्हणून तिचा फोन, म्हणून तो प्रसंग. फोन परातीतून काढला, साळीच्या सुनेनं कापडानं पुसून दिला आणि दोघी-तिघी आत खोलीत गेल्या. बराच वेळ आत होत्या. मी बाहेर जेवायच्या पंगतीत मागच्या एका लग्नातल्या जिलेब्यांचा हिशेब रंगवून सांगत होतो. निघताना साळी फाटकापर्यंत आली. "भाऊजी," म्हणाली, "घरी गेल्यावर जरा बसा ताईजवळ." मी म्हटलं, अवं, बसतोच ना, दुसरीकडे कुठे बसू. तिनं फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बायको आंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन उचलला. कणकेनं काय नुकसान केलं ते पाहावं म्हणून. आणि पाहतो तर पडदा आक्रसलेला. एवढा अंगणासारखा पडदा, पण चित्र सगळं उजव्या कोपऱ्यात खाली गोळा झालेलं, तिच्या त्या जुन्या फोनएवढं. बाकी सगळा काळा अंधार. मी दाबून पाहिलं, झटकून पाहिलं, बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

मला आनंद झाला. खरं सांगतो, पहिल्यांदा आनंद झाला. आता दुकानदाराशी भांडायला कारण मिळालं, आणि बायकोला ऐकवायला दुसरं. फोन पिशवीत टाकून मी बर्डी गाठली. दुकानात तीच मुलगी काउंटरवर. मी पायरीवरूनच सुरुवात केली, की काय विकता तुम्ही, कणकेत पडला तर पडदा मटारच्या दाण्याएवढा झाला, उद्या वरणात पडला तर अदृश्य होईल का. गिऱ्हाईक जमलं. मला हुरूप आला.

मुलीनं फोन घेतला, एकदा बोट फिरवलं आणि पडदा पुन्हा पूर्ण झाला. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा कोपऱ्यात गेला.

"काका, खराब नाही झाला," ती म्हणाली. "एका हातानं चालवायची सेटिंग आहे ही. अंगठा सगळीकडे पोहोचावा म्हणून."

मी म्हटलं, मग लागली कशी आपोआप.

"आपोआप नाही लागत. कोणीतरी लावून दिली आहे." तिनं फोन माझ्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणला, मागच्या लोकांना ऐकू जाऊ नये इतका. "घरी कोणाचा हात दुखून राहिला का?"

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, माहीत नाही.

मागे गिऱ्हाईक उभं होतं आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ती मुलगी माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण तिनं माझ्या चेहऱ्याकडे न बघता पावत्यांची वही उघडली. मला वाचवण्यासाठी उघडली, हे मला कळलं, आणि म्हणून जास्तच कानकोंडा झालो. पायरी उतरताना माझ्या हातातला तो मोठा फोन मला लपवावासा वाटला, पण लपवायचा कुठे? तो कुठल्याच खिशात जात नाही.

ऑटोत बसलो आणि एकेक गोष्ट आपोआप समोर यायला लागली. दिवाळीपासून तिनं वेणी घालणं सोडलं होतं. केसांना नुसता चिमटा. मी म्हटलं होतं, वा, फॅशन. लोणच्याच्या बरणीचं झाकण ती माझ्याकडे आणून द्यायची, आणि मी ते उघडताना पहिलवानासारखा दंड फुगवायचो. आणि तो चेंडू. एक रबरी चेंडू मला तिच्या शिवणाच्या डब्यात सापडला होता. आपल्या घरी आता कोण खेळतं, असं म्हणून मी तो खिडकीतून खालच्या पोरांना फेकून दिला होता. ती भाजी चिरत होती. भोपळ्यावर तिनं फक्त सुरी ठेवली आणि तळहातानं वरून दाबली. तिनं भोपळा दुसऱ्या हातानं धरला नव्हता. हे चित्र माझ्या डोळ्यांत होतं, इतक्या महिन्यांपासून होतं, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती ओट्याजवळ खाली बसून मेथी निवडत होती. उजव्या हातानं. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मी समोर बसलो. फोन तिच्यापुढे ठेवला, पडदा तसाच कोपऱ्यात. मी म्हटलं, हात दाखव.

तिनं दाखवला. मी माझं बोट तिच्या मुठीत दिलं आणि दाब म्हटलं. तिनं दाबलं. तिचा चेहरा दाबत होता, मानेची शीर दाबत होती, आणि माझ्या बोटाला काही कळत नव्हतं.

मग तिनं सांगितलं, मेथी निवडता निवडताच. मानेत नस दबली आहे. आधी मुंग्या यायच्या, मग कप सुटायला लागला. शेअर ऑटोनं ती एकटी दवाखान्यात जाऊन आली होती, दोनदा. तिसऱ्यांदा कामठीहून बहीण सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी चेंडू दाबायला सांगितला होता. पहिला गेला, मग तिनं दुसरा आणला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला, तिथे मी हात घालत नाही म्हणून. फोटो काढायचा आहे मानेच्या आतला, मोठ्या मशीनवर. तो झाल्यावर ठरेल, हात किती परत येईल ते. उशीर करू नका म्हणाल्या होत्या. उशीर झाला होता.

म्हणजे साळीला माहीत होतं. तिच्या सुनेला माहीत होतं, तिनंच त्या खोलीत बसून ती सेटिंग लावून दिली होती. अंगणात मी दोन्ही हातांनी धर म्हणून ओरडत होतो तेव्हा त्या घरातल्या बायांना माहीत होतं. हसणारे सगळे हसत नव्हते. मी त्यांचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त माझाच आवाज आठवला.

मी उठलो, तांदळाच्या डब्यातून चेंडू काढला, तांदूळ झटकून तिच्या डाव्या हातात दिला. तिची बोटं त्याच्याभोवती हळूहळू मिटत गेली आणि अर्ध्यात थांबली. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर नेहमीचंच आलं, भांडणाच्या सुरातच आलं.

"मले सांगितलं काहून नाही तू?"

तिनं मेथीची जुडी उलटी केली, मातीचे देठ बाजूला टाकले.

"तुम्ही बोलून राहिले होते," ती म्हणाली.