गुढी उतरवताना

पाडव्याच्या सकाळीच ताईचा फोन आला. "नवं वर्ष लागलं, आता रडायचं नाही हं. खूश राहायचं." मी बरं म्हटलं. गेले काही महिने माझं मन थाऱ्यावर नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पण सणासुदीला हे कुणापाशी बोलायचं? आल्यागेल्याशी दिवसभर इतकी हसले, की गाल दुखायला लागले.

उन्हं कलली तशी शेजारच्या गॅलरीत माईंनी त्यांच्या गुढीला हळदकुंकू वाहिलं. माझी गुढी अजून तशीच पाहून म्हणाल्या, "अगं, उतरव की आता. सकाळपासून ताठ उभी आहे, दमली असेल बिचारी!"

मी काठी आत घेतली. साडी सोडली, तर तिला कडुनिंबाचा वास लागला होता. घडी घालता घालता वाटलं, किती शहाणा रिवाज आहे हा! गुढी उभारायची वेळ ठरलेली, तशी उतरवायचीही. आता वर्षभर अशीच उंच राहा, असं तिला कुणी सांगत नाही. सूर्य मावळायच्या आत ती घरात येते आणि साडी पुन्हा कपाटात जाते.

मी ताईला फोन लावला. "आज हसून हसून थकले गं. मला अजून बरं वाटत नाहीये."

ती म्हणाली, "नको हसूस. मी उद्या येते राहायला."

दिवसभर काठीवर उपडा असलेला तांब्या मी सुलटा केला, विसळला, पाण्याने भरला आणि उभ्या उभ्याच गटागट प्यायले.