नागऱ्याहून आलेला फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की तोंडातून दुसरंच काहीतरी निघतं — विजेचं बिल, गुडघे, पोरीचा फोन. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी थकलोय. पाप, प्रायश्चित्त असले मोठे शब्द नकोत. नुसता थकलोय — एकच गोष्ट इतकी वर्षं अर्धी सांगून सांगून.

अर्धी म्हणजे कशी?

दर हिवाळ्यात, जानेवारीतल्या एखाद्या रविवारी, फुलचूरला होमराजच्या गच्चीवर आम्ही हॉकीवाले जमतो. जुने खेळाडू, मैदानावर येणारे, रेल्वेतले एक-दोघं. भजी येतात, चहा येतो, आणि मग कोणीतरी म्हणतंच — ‘भाऊ, वो यूरोपवाला किस्सा सुनाओ ना.’ होमराज माझा शेजारी. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात फिटर होता. मी शाळामास्तर, आता निवृत्त. आम्ही दोघं आणि नागपूरचे दोन हॉकीवेडे, असे चौघं एका उन्हाळ्यात आपल्या संघाच्या मागे महिनाभर हिंडलो — हॉलंड, जर्मनी, शेवटी बेल्जियम. होमराज सांगतो, मी मधेमधे भर घालतो. गाडीचे डबे वाटेत सुटून वेगळे झाले आणि आम्ही भलत्याच गावी उतरलो, ते. हॉटेलात होमराजनं पाण्याच्या किटलीत भात शिजवला आणि खोलीभर फेस झाला, ते. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. जमतं मला ते.

मग शेवटच्या सामन्याची गोष्ट येते. होमराजचा आवाज तिथं उतरतो. ‘माह्या जिंदगीतला सगळ्यात चांगला दिवस,’ तो म्हणतो, ‘अन् इकडे माय जाऊन राहिली होती. मले पत्ताच नाही.’ मी कपात पाहतो.

पत्ता कोणाला होता?

परदेशात चालणारं सिमकार्ड आम्हा चौघांत माझ्या एकट्याकडे होतं. सगळ्यांच्या घरी माझाच नंबर. होमराजची माय नागऱ्याला धाकट्या मुलाकडे, तेजरामकडे राहायची. तेजराम माझा जुना विद्यार्थी — साधा, बोलताना अडखळणारा. निघण्याआधी आम्ही मायला भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. ‘तिकडं भात भेटते का रे?’ एवढंच तिनं विचारलं. होमराज तेजरामला म्हणाला, ‘काही लागलं तर सरले फोन कर. सर मले सांगतीन.’

सर सांगतील. किती सोपं होतं!

फोन आला तेव्हा आम्ही अँटवर्पमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना. होमराज एका दुकानात चॉकलेटं निवडत होता — मायला दात नाहीत म्हणून नरम कोणतं, ते दुकानातल्या बाईला हातवारे करून विचारत होता. तिला कळेना, तोही हसत होता, तीही. मी बाहेर फुटपाथवर उभा. नंबर अनोळखी होता. आवाज तेजरामचा. त्याचा फोन बंद पडला होता, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या कोणाचा तरी मागून घेतलेला.

‘सर, मायची तब्येत लय बिघडली. डॉक्टर काही खरं नाही म्हणतात. दादाले लवकर निघा म्हणा. त्याचंच नाव घेऊन राहिली.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. ‘तू काळजी करू नको.’

फोन ठेवला. काचेतून होमराज दिसत होता. आत जायला चार पावलं. मी गेलो नाही.

का नाही गेलो? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नही झिजलाय. तेव्हा मनाला सांगितलं — सामना होऊ दे, मग सांगू. म्हातारी माणसं अशी आजारी पडतात आणि उठून बसतात. एवढ्या दूर येऊन त्याचा शेवटचा सामना कशाला बुडवायचा? — त्याचा म्हणे! खरं एवढंच की होमराजला इंग्रजी येत नव्हतं. तो निघाला असता तर त्याच्यासोबत मलाच निघावं लागलं असतं. सामना माझा बुडणार होता. मला तो पाहायचा होता. याच्या खाली दुसरं कारण नाही, मी खूप खणून पाहिलंय.

संध्याकाळी मी फोन बंद केला. तो नंबर आधी पुसून टाकला, मग बंद केला.

सामना आपण जिंकलो, अगदी शेवटच्या मिनिटांत. होमराजनं मला कमरेला धरून उचललं, दोघंही रडलो. आनंद खरा होता का? होता. तेच तर. फोन आठवत असतानाही मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू केला, तर नागऱ्याचा निरोप येऊन पडला होता — माय पहाटे गेली. होमराजला सांगितलं की चार्जर बिघडला म्हणून फोन बंद पडला होता. त्यानं ऐकूनही घेतलं नाही नीट. पलंगाच्या कडेला बसून राहिला. त्याच दिवशी निघालो. फोन आला त्याच संध्याकाळी, सामना सोडून निघालो असतो तर? नंतर एकदा मी विमानांच्या वेळा काढून पाहिल्या. पोहोचला असता. बोलणं झालं असतं मायशी.

आणि तरी — माझा खरा गुन्हा अजून मी सांगितलेला नाही. इथवर जे सांगितलं ते कदाचित कोणी समजून घेईल. भ्याडपणा, हाव, एका दिवसाची. पुढचं तसं नाही.

आम्ही नागऱ्याला पोहोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. अंगणात भावकी बसलेली. होमराजनं आत पाऊलही टाकलं नव्हतं.

‘मायले दवाखान्यात नेलं तवाच काऊन नाही सांगतलं मले?’

तेजराम उठून उभा राहिला. ‘दादा, त्याच सांजेले सांगतलं होतं. सरशी बोललो मी.’ माझ्याकडे वळला. ‘सर, बोललो ना मी तुमच्याशी?’

सगळं अंगण माझ्याकडे पाहायला लागलं. तेजरामच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याला वाटलं, सर आता हो म्हणतील आणि हे मिटेल. लहानपणी पाढा म्हणून झाल्यावर पाहायचा, तसा पाहत होता.

‘नाही रे,’ मी म्हणालो. ‘मला फोन आला नाही.’

‘सर, तुम्ही सांगतो म्हणाले...’

‘नाही, तेजराम.’

होमराज त्याच्या अंगावर धावून गेला. ‘मेल्या मायच्या नावानं खोटं बोलून राहिला?’ लोकांनी धरलं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘सर कायले खोटं बोलतीन?’ त्या एका वाक्यानं निकाल लागला. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता.

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. होमराज मायच्या तेरवीलाही नागऱ्याला राहिला नाही. पुढं सण आले, दिवाळ्या आल्या, तेजरामनं दोनदा निरोप पाठवला, यानं दार उघडलं नाही. माझ्याजवळ मात्र मन मोकळं करतो — ‘सर, चूक झाली असती तर माफ केलं असतं. खोटं बोलला, तुमच्यावर घातलं, त्याचं दुःख.’ मी काय म्हणतो? ‘सोड आता,’ म्हणतो. म्हणजे बघा, समजूतही मीच घालतो.

गेल्या उन्हाळ्यात तेजरामच्या मुलीचं लग्न झालं. होमराज गेला नाही. मलाही जायचं नव्हतं, बायको म्हणाली, विद्यार्थी आहे तुमचा, बरं दिसत नाही. गेलो. तेजरामचे केस पांढरे झालेत. त्यानं स्वतः ताटात वाढलं, आग्रह केला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, गमछ्यानं तोंड पुसलं.

‘सर, किती दिवसांचं बोलायचं होतं. त्या दिवशी मी लय घाबरलो होतो. डोकं जाग्यावर नव्हतं. इतक्यांदा आठवून पाहिलं — आता मलेच भरोसा नाही. नंबर चुकला असन, भलत्याच कोणाशी बोललो असन. अन् सगळ्यायसमोर तुमचं नाव घेतलं. मले माफ करा.’

मंडपात गाणी जोरात लागली होती. तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

‘जाऊ दे रे,’ मी म्हणालो. ‘होतं असं.’

तो वाकून पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ताटातला भात संपवला आणि घरी आलो.