कानाने पास केलेलं इंजिन

त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर त्याच्या बायकोलाही कागदपत्रं काढून बघावं लागलं असतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा गॅरेजच्या आत, पाठ रस्त्याकडे करून, चहाचा घोट घेत सांगायचा, तिसरा प्लग गेलाय, आणि पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंगही कुरकुरतंय. गाडीवाला अजून उतरलेला नसायचा. लोक डॉक्टरपुढे जेवढे मवाळ होत नाहीत तेवढे याच्यापुढे होत.

जुनं इंजिन विकत घ्यायचं तर आधी कानसेनने पास करायचं, हा त्या भागातला अलिखित कायदा होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो म्हणायचा ‘घ्या’ किंवा ‘ठेवा’. तिसरा शब्द नाही. त्याने पास केलेलं इंजिन बसवण्याआधी कुणी उघडून पाहिलेलं मात्र त्याला खपत नसे. एका मिस्त्रीने हा आगाऊपणा केला, तर हा त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. आत काहीच दोष सापडला नव्हता, याचाच त्याला जास्त राग.

असा हा माणूस दोन वर्षांपासून बहिरा होत चालला होता.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि बायकोला, आणि त्यातही त्याला ती मान्य नव्हती. घरातला टीव्ही शेजारच्या दोन बिऱ्हाडांना फुकट ऐकू जायचा. बायकोने कान तपासून घ्या म्हटलं की तो म्हणे, हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. मग आपली दारावरची घंटाही तोंडातल्या तोंडात वाजते वाटतं, असं ती म्हणे. हे त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून तो समजूतदारपणे हसायचा.

गॅरेजमध्ये त्याने युक्त्या बसवल्या होत्या. तो बॉनेटवर तळहात ठेवी, धुराचा रंग पाही, आणि सगळ्यात जास्त पाही ते माणसांचे चेहरे. गॅरेजमधला त्याचा भागीदार अखंड बडबडायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ. इंजिन चालू केल्यावर रेडिओची एक भुवई वर गेली, की कानसेन गंभीरपणे म्हणायचा, काहीतरी गडबड आहे. एवढ्यावर दोन वर्षं निभावली.

मग धाकट्या बहिणीच्या व्हॅनचं इंजिन बसलं.

नवरा वारल्यावर त्याची व्हॅन तिने स्वतः चालवायला घेतली होती. हॉटेलांच्या चादरी धुऊन पोहोचवायच्या, मळक्या परत आणायच्या. या व्हॅनवर तिचं घर चालत होतं आणि त्या घरात ऐंशीची सासूही होती. पाणी आटून इंजिन इतकं तापलं होतं की त्याचा ब्लॉकच, म्हणजे अख्खा लोखंडी सांगाडाच, गेला. त्या व्हॅनचं इंजिन आता कुठे मिळत नव्हतं. पण त्याच कंपनीच्या छोट्या ट्रकला तेच इंजिन असे. दोघं सख्खी चुलत भावंडं, अंग एकच, फक्त कपडे वेगळे. ट्रकचे कपडे उतरवून व्हॅनचे चढवले की झालं.

बहीण म्हणाली, “दादा, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. तू ऐकून घे.”

भंगाराच्या दुकानात तसं एक इंजिन होतं. भंगारवाल्याने ते लोखंडी घोडीवर चढवून बॅटरी जोडली आणि चालू केलं. रेडिओ शेजारी उभा. कानसेनने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. लांबच्या खोलीत कुणी पंखा लावून ठेवावा, तसं काहीतरी आलं. पूर्वी याच जागी त्याला अख्खी वरात ऐकू यायची, प्रत्येक वाजंत्री वेगळा. त्याने मूठ आणखी दाबली. पंखाच. डोळे उघडून रेडिओला ‘तू ऐक’ म्हणायचं, बस. दोन शब्दांचं काम. पण मग उद्यापासून लोक आपल्याला हाक काय म्हणून मारणार?

“घ्या,” तो म्हणाला.

बसवायला तीन दिवस लागले. व्हॅनचे ब्रॅकेट, व्हॅनचं वायरिंग. ट्रकचं तेलाचं चेंबर खोल, ते व्हॅनच्या आडव्या दांड्याला अडत होतं, म्हणून तेही काढून व्हॅनचं लावायचं होतं. चेंबर निघालं तेव्हा इंजिनाचं पोट उघडं पडलं. बेअरिंगच्या टोप्या समोर दिसत होत्या. एक काढून आतली झीज बघायला दोन बोल्ट सोडले असते तरी पुरलं असतं. रेडिओने पाना हातात धरून तेवढं विचारलंही.

“मी पास केलंय,” कानसेन म्हणाला. रेडिओने पाना खाली ठेवला आणि मेव्हण्याच्या दुसऱ्या लग्नाची हकीकत पुढे सुरू केली.

चौथ्या दिवशी बहिणीने किल्ली फिरवली. कानसेनने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, बहिणीच्या, रेडिओच्या, शेजारच्या टायरवाल्याच्या. सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो हसला. मग तेही हसले. ते हसले म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला.

सतरा दिवसांनी पुलाच्या चढावर इंजिनातला पिस्टनचा दांडा तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. मागच्या चाकाखाली तेल आलं, व्हॅन घसरून कठड्यावर आदळली. बहिणीचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हॉटेलांनी आठवडाभर वाट पाहिली आणि चादरी दुसऱ्याकडे दिल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

कानसेनने रेडिओला घरी पाठवलं आणि इंजिन एकट्याने खोललं. त्या दांड्याचं बेअरिंग झिजून कागदासारखं झालं होतं. इतकी झीज सतरा दिवसांत होत नाही. भंगाराच्या दुकानात ते इंजिन दार बडवल्यासारखं ठोकत असणार. तो बराच वेळ ते बेअरिंग बोटांत फिरवत बसला. मग हात धुतले आणि बहिणीकडे गेला.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एका हाताने कांदा सोलत होती. सासू आतल्या खोलीत पडली होती. त्याने तिच्या हातातला कांदा काढून घेतला आणि तिच्या समोर, तोंड दिसेल असा बसला.

“आवाज येत होता?”

तिने टेबलावरची सालं एका बाजूला सारली. मग म्हणाली, “पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पास केलं होतंस ना, दादा. मला वाटलं, ट्रकचं इंजिन आहे, त्याचा आवाजच तसा असेल. रेडिओदादांना विचारलं, तेही तसंच म्हणाले. टायरवालाही.”

म्हणजे सगळ्यांना ऐकू आला होता. त्या सकाळी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते ते एवढ्यासाठी, की हा काय म्हणतो. आणि हा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तो हसला नसता, तर कुणीच हसलं नसतं. हे त्याला कांदा धरलेल्या हातानिशी कळलं. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता आलं, एवढीच काय ती सोय.

“कसा होता आवाज?” त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तेव्हा कुठे तिला उमगलं. तिने चांगल्या हाताची मूठ केली आणि टेबलावर उलट्या बोटांनी ठोकलं. टक, टक, टक.

त्याने वाकून कान लाकडाला लावला आणि डोळे मिटले.

“जोरात,” तो म्हणाला.

तिने जोरात ठोकलं. कांद्याची टोपली हलली.

“अजून.”

तिने हाडं दुखेपर्यंत ठोकलं. आतल्या खोलीतून सासू भिंत धरत धरत बाहेर आली, दाराकडे पाहून म्हणाली, “अगं, कोण आलंय बघ तरी, कधीचं दार ठोठावतंय.” आणि मग टेबलावर डोकं ठेवलेल्या त्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं.

तो तसाच डोळे मिटून वाट बघत होता.