ओरिजिनल कार्बुरेटर

राखोली रोडवरचा तो खानदेशी मेकॅनिक कुठलाही पार्ट हातात आला की आधी हुंगायचा, मग कानाशी धरून टिचकी मारायचा. वडिलांची जुनी फियाट त्याच्याकडेच होती. इंजिन तयार होतं, अडलं होतं ते कार्बुरेटरवर.

वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा त्याला घरी बोलावून म्हणाले, “दुसरा कुठलाही बसव रे. मला एकदा तिच्यातून दमणगंगेच्या पुलावर जायचंय.”

“डुप्लिकेट नाही लावणार, काका. गाडीची इज्जत जाते.”

वडील गेले. तेराव्याला तो फडक्यात काहीतरी गुंडाळून आला. हार घातलेला फोटो पाहूनही त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला नाही.

“ओरिजिनल मिळाला, भाऊ. उद्या बसवतो.”

“कोणासाठी?” मी विचारलं.

“गाडीसाठी ना,” तो शांतपणे म्हणाला.