पडद्यावरची नावं

फिल्म क्लबमध्ये काल फ्रेंच सिनेमा होता, मोठं बक्षीस मिळालेला. एक म्हातारा गेलेल्या बायकोचा चष्मा रोज पुसून ठेवतो, एवढीच गोष्ट. डावीकडच्या बाई डोळे टिपत होत्या. मी मात्र बसच्या खिडकीतून दुकानं पाहावीत तशी पाहत होते.

शेवटी नावं सुरू झाली आणि नेहमीसारखे सगळे उठले. मी बसून राहिले. आमचे हे शेवटचं नाव जाईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. "दिवे धरणाऱ्याचंही नाव वाचून जावं," म्हणायचे. फ्रेंच दोघांनाही येत नव्हतं, उच्चार आपले मनाचे. हे जाऊन दोन महिने झाले, सवय तेवढी राहिली आहे.

झाडू घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबल्या. "ताई, संपला ना पिक्चर?"

"नावं आहेत अजून."

मग त्याही पाहू लागल्या. अगदी शेवटी काळ्या पडद्यावर एकच नाव आलं. त्याखाली दोन सालं आणि मध्ये आडवी रेघ. काम पुरं झालं होतं, ते पाहायला माणूस उरला नव्हता. तशीच रेघ ह्यांच्या फोटोखाली मी छापून आणली, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आताही वाटलं नाही.

"यांच्यातलं कुणी गेलं वाटतं," मावशी म्हणाल्या.

"हो."

उजवीकडच्या खुर्चीवर जागा धरायला ठेवलेली माझी पर्स त्यांनी पाहिली.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी मागनं झाडत येते."