घमेल्यातली कोरडी माती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. आमच्या आखाड्याचे वस्ताद आबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मीच बसलो होतो — त्यांच्यापाशीही नाही. मग तुमच्यापाशी का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि तुम्ही हे वाचून चार जणांत बोलणारच, मला ठाऊक आहे. बघा — सांगायला बसलो नाही तोच तुमच्यावर संशय घेतला. हा माझा स्वभाव.

आई म्हणायची, "दूध आलं की वसंता आधी बोट बुडवणार, मग गवळ्याच्या तोंडाकडे बघणार." सुमन, माझी बायको, तिच्या परीने म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचं रेशनकार्ड मागाल." घरात यावर हसतात. मीही हसतो. पण या स्वभावाने मी एका माणसाचं काय केलं, ते हसण्यासारखं नाही.

आमचं घराणं बडोद्यात महाराजांच्या फौजेबरोबर आलेलं. फौज गेली, राज्य गेलं, पुढे गुजरात झालं, आणि आमच्याकडे उरला तो आखाडा. मी आठव्या वर्षापासून तिथे. आजोबांनी पहिल्याच दिवशी मांजरीची गोष्ट सांगितली. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं — दबा धरणं, झेप, पंजा — झाडावर चढणं तेवढं ठेवलं. वाघ उलटला तेव्हा मावशी झाडावर. "शिकवावं सगळं, पण एक डाव आपल्यापाशी ठेवावा," आजोबा म्हणाले. तालमीत वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हे त्याला पाठ असतं. मी तर ते गिळूनच टाकलं होतं.

मी पंचविशीत होतो तेव्हा मार्कुस आला. स्वित्झर्लंडचा. शहराबाहेर कोयलीच्या तेलशुद्धी कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तिकडून माणसं आली होती, त्यांत हा तेवीस-चोवीस वर्षांचा फिटर. दिवसा पाने-स्क्रू, आणि एरवी? एरवी तो त्याच्या देशाच्या जिमनॅस्टिक्स संघाच्या उंबरठ्यावर उभा होता. त्यांच्याकडे गावोगाव व्यायामाची मंडळं असतात म्हणे, आपल्या आखाड्यांसारखी. माणसं नोकरी करून संध्याकाळी सराव करतात. वसंत ऋतूत निवड व्हायची होती. निवड झाली की जगातल्या मोठ्या स्पर्धा. तोवर चार महिने सराव तुटू नये म्हणून तो बार शोधत बडोदाभर सायकलने फिरला, आणि आमच्या अंगणात कडुलिंबाखाली सिंगल बार दिसल्यावर फाटकातच उभा राहिला.

आबांनी त्याला आत घेतलं. त्याची आणि माझी भाषा एकच — मोडकं इंग्रजी, तेही दोन्हीकडून मोडकं. सौदा असा ठरला की त्याने मला बारवरची पूर्ण चक्कर शिकवायची — हात सरळ, अंग सरळ, दांडीभोवती आख्खा फेरा — आणि मी त्याला मल्लखांब. मल्लखांबात तेव्हा बडोद्यात माझ्या तोडीचं कोणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. का सांगतोय ते पुढे कळेल.

माझी चक्कर काही होईना. वरपर्यंत जायचो आणि ऐन टोकावर अंग परत खाली यायचं. महिना गेला. मार्कुस माझ्या कमरेला हात लावून काहीतरी दाखवायचा, "हिअर, हिअर" म्हणायचा. मला कळायचं नाही. आणि मला न कळण्याचं कारण काय असणार? माझी अक्कल? छे! तो लपवतोय. त्याने एक डाव ठेवलाय.

एकदा हे डोक्यात शिरलं, मग पुरावे मिळायला काय उशीर! पांढऱ्या पुडीचा त्याचा एक पत्र्याचा डबा होता, हाताला लावायची पूड. मी जवळ गेलो की तो झाकण लावायचा. का? आत दुसरं काही आहे? रोजचा सराव संपला की पायरीवर बसून एका लहान वहीत काहीतरी लिहायचा, आणि मी मागून आलो की वही बंद. आमचा मल्लखांब लिहून नेतोय, तिकडे जाऊन आपल्या नावावर खपवणार! मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "अरे डीकरा, खपवू दे की. खांब काय तुझ्या बापाचा आहे?" मला तेव्हा वाटलं, आबापण फिरले.

आता ती गोष्ट. मी उगाच फेरे घालतोय.

मल्लखांबाला एरंडेल लावतात, हे तुम्हाला माहीत असेल. ते चिवट तेल. साबणाने जात नाही. वरवर गेल्यासारखं वाटतं, पण तळव्याच्या रेघांत बसून राहतं, आणि हात तापला की पुन्हा वर येतं. म्हणून आमच्याकडे नळाशेजारी घमेल्यात कोरडी माती ठेवलेली असायची. आधी माती, खसखसून, तीन-चार वेळा, मग साबण. पण रोज आम्ही आधी बार करायचो आणि शेवटी मल्लखांब. मल्लखांब झाला की घरी. त्यामुळे मार्कुसला ती माती कधी लागलीच नाही. पोरं कधी हात घासताना दिसली तरी त्याला वाटलं असेल, असेल यांची काही रीत. त्याने एकदा मला विचारलं होतं, ही माती कशाला? मी म्हणालो, "कस्टम." आमच्याकडे मारुतीला नमस्कार, मातीला नमस्कार, तसंच हे. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मारुतीसारखाच त्या घमेल्यालाही हात जोडून पुढे जायला लागला. पोरं हसायची.

तर हा माझा ठेवलेला डाव. त्याने एक ठेवला ना? मग मीही एक ठेवला.

सव्वीस जानेवारीला आखाड्यात कार्यक्रम असायचा. अंगण भरलेलं, कोयलीचे त्याचे साहेब खुर्च्यांवर, शाळेतल्या मुलींची लेझीम. कार्यक्रमात बार शेवटी होता, कारण लोकांना तेच बघायचं होतं. म्हणजे मार्कुस आधी मल्लखांब करणार, मग बार. हे मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. आठ दिवस! एका वाक्याचं काम होतं.

त्याने मल्लखांब केला. बरा केला — मला लागण्याइतका बरा. टाळ्या पडल्या. मग नळावर येऊन साबणाने हात धुतले, दोनदा धुतले, पंच्याने पुसले, आणि डब्यातली पूड चोळली. मी नळापाशीच उभा होतो. घमेलं माझ्या पायाशी. त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, पांढरेशुभ्र, आणि विचारलं, "गुड?"

मी म्हणालो, "गुड."

तो मेला नाही. तुम्हाला वाटलं असेल तसं काही झालं नाही. पहिले दोन फेरे सुंदर झाले, लोक ओरडत होते. तिसऱ्या फेऱ्याला उजवा हात सुटला आणि तो आडवा, खांद्यावर, गादीच्या बाहेर पडला. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं, कोपर निखळलं. ते ओरडणं मला वर्णन करता येणार नाही, मी प्रयत्नही करत नाही.

मला काय वाटलं होतं? तो पडेल असं वाटलं नव्हतं, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगतोय. जरा घसरेल, फेरा अर्धा राहील, लोकांना वसंताचा मल्लखांब आठवेल. खरंच एवढंच वाटलं होतं? बार जमिनीपासून किती उंच आहे, हे काय मला माहीत नव्हतं?

लोक जमले तेव्हा आबा विचारत होते, काय झालं, कसं झालं. मी म्हणालो, "दांडीवर दव राहिलं होतं, आबा." जानेवारीची सकाळ, सगळ्यांना पटलं. पण दांडी पुसायचं काम कुणाचं होतं? आबांचं. रोज पहाटे ते स्वतःच्या पंच्याने पुसायचे. त्या दिवशीही पुसली होती. तरी त्यांनी वाद घातला नाही; दुसऱ्या दिवसापासून दांडी दोनदा पुसायला लागले. शेवटच्या आजारापर्यंत दोनदा. मी बघायचो.

मार्कुस दवाखान्यात बारा दिवस होता, मग त्याला विमानाने नेलं. तो पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. हात डोक्याच्या वर जायचाच बंद झाला. तेवीस-चोविसाव्या वर्षी संपलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने डाव्या हाताने ती वही माझ्या हातात दिली. मला! तिच्यात मल्लखांब नव्हताच. तिच्यात मी होतो. रोजची माझी चक्कर, रेघारेघांची माणसं काढून — आज कंबर इथे वाकली, आज खांदा इथे अडला — आणि शेवटच्या पानावर बाण काढून दाखवलेलं, टोकावर नेमकं काय करायचं. भाषा जुळत नव्हती म्हणून चित्रं काढत होता बिचारा. पुरी झाल्यावर द्यायची म्हणून झाकत होता. आणि डब्याचं झाकण? कडुलिंबावरच्या चिमण्या पुडीत घाण करत होत्या म्हणून. मी डबा उघडून बघितला ना. पूड होती.

त्या वहीवरून आठ दिवसांत माझी चक्कर झाली.

पुढे मी शाळेत व्यायामशिक्षक झालो, आबांनंतर आखाडाही माझ्याकडे आला. मातीने हात घासल्याशिवाय मी एकाही पोराला बारला हात लावू दिला नाही. पोरं मला मातीसर म्हणतात. एकदा सत्कारात कोणीतरी म्हणालं, सरांच्या हाताखाली एकही अपघात झाला नाही. मी हार घालून घेतला. मार्कुस दर नव्या वर्षाला कार्ड पाठवायचा. त्यात कधीतरी लिहायचा, की मी घाईत पूड कमी लावली, तुझ्या मुलांना सांग पूड नीट लावा. मी त्याला शुभेच्छा पाठवायचो. वही मिळाली, सत्य कळलं, माझ्याकडे पत्ता होता. किती वर्षं होती! पण हेही मी सांगायला बसलो नाही. हे तरुणपणीचं पाप म्हणून एखाद्याने पोटात घातलं असतं. मला सांगायचंय ते गेल्या डिसेंबरचं आहे.

त्याची मुलगी आली. लीना — नाव आपल्यासारखंच. पंचेचाळिशीची असेल. निजामपुऱ्यात आमच्या घरी आली, सुमनने लीलो चेवडो आणि चहा ठेवला. लीना म्हणाली, पप्पांना हल्ली आठवत नाही. सकाळी काय खाल्लं आठवत नाही, माझं नाव कधी कधी आठवत नाही, पण बडोदं आठवतं. कडुलिंब, आबा, तू. म्हणून मला एकदा बघायचं होतं. असं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला.

फोन टेबलावर का ठेवला? माझ्या डोक्यात घंटा वाजली. ही रेकॉर्ड करतेय. हिला काहीतरी कळलंय. हिला बापाने पाठवलंय. एवढ्या लांबून कुणी झाड बघायला येतं?

मी तिला आखाड्यात नेलं. तिने मल्लखांबावरून हात फिरवला, तेल लागलं, हसली, नळाकडे निघाली. मी सवयीने घमेलं पुढे केलं. म्हटलं, आधी माती, साबणाने जात नाही, पुढे बारवर हात सुटतो. ती माती चोळायला लागली. मग हळूहळू तिचे हात थांबले. मुलगीही शिक्षिका आहे, अक्कल आहे तिला. तिने वर बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे पप्पांना माहीत होतं?"

इथे मी खरं बोलू शकलो असतो. पंचाहत्तरीचा म्हातारा, कोण काय करणार होतं मला? आबा नाहीत, पोलीस नाहीत, कुणी नाही. तिच्या आवाजात आरोपही नव्हता. तो मी माझ्या कानाने घातला.

मी म्हणालो, "हो. मी सांगितलं होतं. विसरला असेल."

ती "अच्छा" असं काहीतरी तिच्या भाषेत म्हणाली. हात धुतले. बारचा फोटो काढला. फोनवर फोटोच होते सगळे, मला दाखवले — करजणच्या रस्त्यावरची उसाच्या रसाची गाडीसुद्धा. निघताना ती सुमनच्या गळ्यात पडली.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. लिहिलं होतं, पप्पांना मातीचं सांगितलं. ते म्हणाले, हो, वसंतने सांगितलं होतं. नळापाशी. मला आठवतंय. मीच ऐकलं नाही. तेव्हापासून रोज तेच बोलतात, रोज नव्याने आठवल्यासारखं. आणि रोज मला सांगतात, त्याला कळव, तुझं ऐकलं नाही, मला माफ कर.

सुमन विचारत होती, काय म्हणते पोर? मी म्हटलं, काही नाही, मजेत आहेत.

मग मी उत्तर लिहिलं. एका बोटाने लिहितो, वेळ लागतो. लिहिलं, 'मार्कुसला सांग, काही हरकत नाही. माझ्या मनात काही नाही.' आणि पाठवून दिलं.

म्हणजे त्याला मी माफ केलं आहे.