जाऊबाईंची वाकळ

खोटं कशाला बोलू, त्या वाकळीवर मी अजूनही जळते.

परळीकडच्या एका गायिकेच्या आवाजाचं आम्हा दोघी जावांना वेड. मी दिंद्रुडला घरीच असायची. चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे हातात कला आहे असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटलेलं. थोरल्या जाऊबाई ऊसतोडीला जायच्या. तिथं उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायच्या आणि दारात बसून मोबाइलवर तिचीच गाणी लावायच्या. यंदा आमच्या यात्रेत तिचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी तिचं चित्र काढायला घेतलं. तिनं ते घरी नेऊन भिंतीवर लावावं, एवढीच इच्छा.

ऊसतोडीहून परतल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "म्या तिच्यासाठी वाकळ शिवलीय. मधी तिचं तोंड काढून दे की, मी टाके घालते." मी वेळ नाही म्हणून सांगितलं. वेळ होता. पण तिचा चेहरा फक्त माझ्या चित्रात असावा, असं मला वाटत होतं.

कार्यक्रमाआधी गायिका शाळेच्या वर्गात चहाला बसली होती. माझं चित्र तिनं कौतुकानं पाहिलं, मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून हसली. "तीळ इकडं हाय माझा." मी चित्र तिच्या सेल्फीवरून काढलं होतं, त्यात डाव्याचं उजवं झालेलं. चित्र पेटीवाल्याच्या हातात गेलं.

मग जाऊबाईंनी वाकळ उलगडली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, बाकी काही नाही.

"एका गाण्याला टाक्यांची एक रांग," त्या म्हणाल्या. "गाणं सपलं की दोरा तोडायचा."

गायिकेनं एका रांगेवर बोट ठेवलं. "हे कोणतं?" जाऊबाईंनी सांगितलं. दुसऱ्या रांगेवर ठेवलं, तेही सांगितलं. दमून आल्यावर घातलेले वाकडेतिकडे टाकेसुद्धा त्यांनी ओळखले. गायिकेचे डोळे भरून आले आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

कार्यक्रमात गायिका ती वाकळ मांडीवर घेऊनच बसली. जाऊबाईंनी आनंदानं माझा हात घट्ट धरला. "अगं, आपली वाकळ बघ की!" आपली म्हणाल्या त्या. मी घामाचं निमित्त करून हात सोडवून घेतला. चैत्रातली दुपार, वर पत्रे. उकडलं की काढून ठेवील, एवढ्याच आशेवर मी बसून होते. तिनं शेवटपर्यंत वाकळ बाजूला केली नाही. आणि माझ्या लाडक्या गायिकेनं त्या दिवशी काय गायलं, त्यातला एक शब्दही मला आठवत नाही.